यादीतले अनोळखी नाव आणि जिन्यातला मुलगा

प्रश्न : मी मुलुंड पूर्वेला एका जुन्या चार मजली सोसायटीत राहतो. सेवानिवृत्त आहे. घरात आम्ही दोघे, मुलगा, सून आणि सातवीतला नातू. आमच्याकडे फायबरची १०० मेगाबिटची जोडणी आहे. गेला महिनाभर संध्याकाळी आठनंतर नेट इतके मंदावते की सुनेची ऑफिसची मीटिंग मध्येच तुटते. भाच्याच्या सांगण्यावरून राउटरचे पान उघडून पाहिले, तर जोडलेल्या उपकरणांत अकरा नोंदी दिसल्या. आमच्याकडे फोन आणि लॅपटॉप धरून सात आहेत. उरलेल्यांपैकी एकाचे नाव ‘एस्प्रेसिफ’, एकाचे ‘रेडमी’, आणि दोघांना नावच नाही. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा तासन्‌तास जिन्यात मोबाइल घेऊन बसलेला असतो. माझा संशय त्याच्यावर आहे. भाचा म्हणतो, वायफायचे नाव लपवा आणि मॅक फिल्टर लावा. सेक्रेटरींकडे लेखी तक्रार द्यावी की थेट पोलिसांत जावे?
— एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : महोदय, सेक्रेटरींकडे लेखी तक्रार कृपया देऊ नये, निदान या पत्रातल्या माहितीच्या आधारावर तरी नाही. राउटरच्या यादीतल्या चार अनोळखी नोंदी आणि जिन्यात बसणारा मुलगा यांना जोडणारा कोणताही धागा मला आपल्या पत्रात सापडला नाही. सोसायटीच्या फायलीत एकदा गेलेले नाव सहजासहजी बाहेर येत नाही, आणि त्या कुटुंबाशी आपली भिंत सामाईक आहे. शिवाय वायफाय सुरक्षित करण्यासाठी आत कोण शिरले होते हे कळण्याची गरजही नसते. दाराचे लॅच बदलले की जुनी किल्ली कोणाकोणाकडे होती याची चौकशी करत बसावे लागत नाही, तसेच हे आहे.

तरीही ती यादी आधी नीट वाचली पाहिजे, कारण आपली अर्धी भीती तिथूनच आली आहे. वायफायला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला बारा अक्षर-आकड्यांचा एक मॅक पत्ता असतो, आणि त्यातल्या पहिल्या सहांवरून उपकरणातला वायफायचा भाग कोणत्या कंपनीने बनवला हे ओळखता येते. उपकरणाने स्वतःचे नाव सांगितले नाही, तर अनेक राउटर त्या कंपनीचे नाव यादीत दाखवून मोकळे होतात. एस्प्रेसिफ ही चिप बनवणारी शांघायची कंपनी आहे, आणि मोबाइलवरून चालू-बंद होणारे प्लग, दिवे, पंखे यांत तिची चिप सर्रास असते. आपल्या घरात गिझरला किंवा मुलाच्या खोलीत असा एखादा प्लग लावलेला आहे का, ते पाहावे. बहुधा ‘एस्प्रेसिफ’ तिथेच भिंतीवर सापडेल. यापुढे कधी ‘अझूरवेव्ह’, ‘लाइटऑन’, ‘मुराता’ किंवा ‘हॉन हाय’ अशी नावे दिसली तरी दचकू नये. ही लॅपटॉप, टीव्ही आणि तत्सम वस्तूंचे आतले भाग बनवणाऱ्या कंपन्यांची नावे आहेत, आणि ती वस्तू विकत घेतलेल्या माणसाने आयुष्यात कधी ऐकलेली नसतात.

नाव नसलेल्या दोन नोंदींचे कारण वेगळे असू शकते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता सांगत नाहीत. प्रत्येक वायफायसाठी ते एक बनावट पत्ता तयार करून तोच वापरतात. ही सोय आपल्याच गोपनीयतेसाठी आहे, परंतु तिच्यामुळे घरातला फोनसुद्धा यादीत परका दिसतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : पत्त्यातले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकी असेल, तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नसून फोनने किंवा संगणकाने स्वतः घेतलेला आहे. आपल्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशी दोन वेगळ्या नावांची वायफाय दिसत असतील, तर एकच फोन दोन्हींवर दोन वेगळे पत्ते घेऊन येतो आणि यादीत दोनदा मोजला जातो. फोनच्या सेटिंगमध्ये वायफायच्या नावावर टिचकी मारली की त्या वेळी वापरात असलेला पत्ता दिसतो. घरातल्या प्रत्येक फोनचा असा पत्ता कागदावर उतरवून यादीशी ताडून पाहावा. काम कंटाळवाणे आहे, पण संशयाला त्याच्याइतके चांगले औषध नाही.

आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. राउटरवर बहुतेक वेळा दोन याद्या असतात. एकीत या क्षणी जोडलेली उपकरणे असतात, आणि दुसरीत राउटरने ज्यांना ठरावीक मुदतीसाठी आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा तात्पुरता क्रमांक, दिला आहे ती सगळी. ही मुदत पुष्कळदा चोवीस तासांची असते, त्यामुळे दुपारी चहाला येऊन गेलेल्या पाहुण्यांचा फोन रात्रीही त्या दुसऱ्या यादीत हजर असतो. आपण कोणती यादी पाहिलीत, हे पत्रावरून कळत नाही. शिवाय आपण ‘फोन आणि लॅपटॉप धरून सात’ असे लिहिता, तेव्हा टीव्ही, सेट टॉप बॉक्स, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा आणि नातवाने खेळायला घेतलेला जुना फोन हे त्या सातांत आहेत का, हेही एकदा पाहावे.

राहिला ‘रेडमी’. तो घरातल्या कोणाचा नसेल, आणि घरी येणाऱ्या नातेवाइकाचा किंवा कामाला येणाऱ्या मावशींचाही नसेल, तर ती नोंद खरोखर परकी आहे. ती कोणाची, हे इथून सांगता येणार नाही, आणि त्या नावाचे फोन मुंबईत इतके आहेत की नावावरून माणूस ओळखणे शक्य नाही.

आता मंदावलेल्या नेटकडे वळतो, कारण मला वाटते आपण दोन वेगळे आजार एकच समजत आहात. जिन्यात बसून कोणी स्पष्ट दर्जाचा व्हिडिओ पाहिला, तरी त्याला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट लागतात. १०० मेगाबिटच्या जोडणीतून एवढे गेले म्हणून सुनेची मीटिंग तुटत नाही. रात्री आठ ही वेळच सूचक आहे : तेव्हा अख्खी इमारत घरी आलेली असते आणि प्रत्येक घरातले वायफाय चालू असते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११, आणि मुंबईच्या इमारतीत त्या तिघींवर डझनभर घरांची गर्दी असते. परीक्षा घ्यायची तर एका संध्याकाळी घरातली इतर सगळी उपकरणे वायफायवरून काढावीत, लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा आणि वेग मोजावा. केबलवरही वेग कमी आला तर दोष बाहेरच्या लाइनचा किंवा सेवा देणाऱ्याचा आहे, आणि तक्रार तिकडे करायला हवी. केबलवर पूर्ण वेग आला आणि वायफायवर नाही, तर सुनेचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर घ्यावा किंवा राउटर त्या खोलीच्या जवळ आणावा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाशेजारी ठेवलेला राउटर हे आपल्याकडच्या निम्म्या तक्रारींचे मूळ असते, असे माझे मत आहे.

वेगाचा प्रश्न असा बाजूला काढला, तरी पासवर्ड बदलायचाच आहे, आणि तो कसा बदलायचा यावर थोडे सविस्तर लिहितो. जोडणी देताना फायबरवाल्याचा माणूस घाईत असतो; तो बहुधा ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून टाकून निघून जातो. आपलाही तसाच असेल, तर तो आजच बदलावा. आपला क्रमांक सोसायटीच्या रजिस्टरमध्ये, वॉचमनच्या वहीत आणि वाण्याच्या फोनमध्ये आहे, एवढे एकच कारण पुरेसे आहे. दुसरे कारण तांत्रिक आहे. वायफाय कुलूपबंद ठेवण्याच्या डब्ल्यूपीए-२ या पद्धतीत फोन आणि राउटर यांची जोडणी होताना जी देवाणघेवाण होते, ती जवळपास बसलेला माणूस नोंदवून घेऊ शकतो आणि मग घरी जाऊन, राउटरला हातही न लावता, संगणकावर पासवर्ड ताडून पाहू शकतो. भारतातले मोबाइल क्रमांक दहा आकडी आणि ६ ते ९ पैकी एखाद्या आकड्याने सुरू होणारे, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला हे काही तासांचे काम आहे. त्याउलट एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग लिहिले, तर तेच काम व्यवहारात अशक्य होते. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. लांबी वाढवावी आणि चित्रविचित्र चिन्हांच्या मागे लागू नये, कारण तोच पासवर्ड पुढे टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर शोधत टाकावा लागतो आणि मग वैतागून माणूस पुन्हा मोबाइल क्रमांकावर येतो. म्हणी, आरत्यांच्या ओळी, नातवाचे नाव आणि जन्मसाल मात्र टाळावे.

बदल करण्यासाठी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाइप करावा. नेमका कोणता आणि आत जाण्याचे नाव काय, हे राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असते. काही कंपन्यांनी हे पान ग्राहकासाठी बंद ठेवलेले असते. तिथे त्यांच्या अ‍ॅपमधून किंवा कस्टमर केअरकडून बदल करून घ्यावा. आत गेल्यावर सर्वप्रथम या पानाचाच पासवर्ड बदलावा. वायफायचा आणि या पानाचा असे दोन पासवर्ड असतात आणि दुसऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही. तो कारखान्यातून आला तसाच राहिला असेल, तर वायफायवर आलेला कोणीही राउटरचे सगळे सेटिंग बदलू शकतो. त्यातला डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा ठिकाणा शोधून देणाऱ्या संगणकाचा, पत्ता कोणी बदलला, तर बँकेचे नाव टाइप करूनही आपण भलत्याच पानावर जाऊ शकता. अशा वेळी ब्राउझर सुरक्षिततेचा इशारा देतो, पण इशारा वाचण्याआधीच ‘पुढे जा’ दाबणारी मंडळी प्रत्येक घरात असतात. नेट मंदावण्यापेक्षा मला ही भीती जास्त मोठी वाटते.

त्यानंतर सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-३ किंवा डब्ल्यूपीए-२ व ३ असे मिश्र निवडावे. २०१८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पद्धतीत घरी बसून ताडून पाहण्याची ती युक्ती चालत नाही. जुनी उपकरणे तिला जोडली जात नाहीत म्हणून मिश्र पर्याय असतो, आणि त्यातून डब्ल्यूपीए-२ ने जोडणी चालूच राहते, म्हणून लांब पासवर्ड तिथेही हवाच. पर्यायांत डब्ल्यूईपी दिसले तर त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये, ती पद्धत २००१ मध्येच मोडीत निघाली. पासवर्ड न टाकता जोडणी करून देणारे डब्ल्यूपीएस नावाचे बटण किंवा पर्याय असेल तर तो बंद करावा. त्यात आठ आकडी पिन असतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा केवळ पडताळणीचा असतो; त्यामुळे दहा कोटी वाटणाऱ्या शक्यता प्रत्यक्षात ११,००० वर येतात. ही उणीव २०११ मध्ये उघड झाली, तरी जुन्या राउटरवर तो पर्याय अजूनही चालू सापडतो. राउटर स्वतः विकत घेतलेला असेल तर त्याच्या सॉफ्टवेअरचे अपडेटही त्याच बैठकीत उरकावे.

आपल्या भाच्याचे दोन्ही उपाय मी सुचवणार नाही. वायफायचे नाव लपवले तरी ते हवेत लपत नाही. घरातले फोन जोडले जाताना ते नाव स्वतःच उच्चारतात, आणि ऐकणाऱ्याला ते ऐकू येते. ठरावीक मॅक पत्त्यांनाच आत घेणाऱ्या मॅक फिल्टरचेही तसेच : परवानगी असलेला पत्ता प्रत्येक संदेशासोबत उघडपणे जात असतो, तो उचलून आपल्या लॅपटॉपला लावणे जाणत्या माणसाला अवघड नाही. आणि फोन आता बनावट पत्ते वापरत असल्यामुळे पहिला त्रास घरच्यांनाच होतो. नातवाने वायफाय विसरायला लावून पुन्हा जोडले की कदाचित तोच बाहेर अडकेल आणि आपण फिल्टर काढून टाकाल. भाच्याची तळमळ खरी आहे, पण हा सल्ला जुन्या काळातला आहे. अनोळखी फोनला हाकलून देतो म्हणणारी अ‍ॅप तर मुळीच घेऊ नयेत.

नवा पासवर्ड लावला की सगळीच उपकरणे बाहेर पडतील. आता घाई न करता एकेक आत घ्यावे आणि प्रत्येक वेळी यादी ताजी करून नवी ओळ कोणती आली ते नावानिशी लिहून ठेवावे. बऱ्याच राउटरवर त्या ओळीला ‘सूनबाई लॅपटॉप’ असे आपले नाव देण्याचीही सोय असते. प्लग, कॅमेरा, टीव्ही आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन यांच्यासाठी राउटरवरचे गेस्ट नेटवर्क चालू करून त्याला वेगळा पासवर्ड द्यावा. तिथे जोडलेल्यांना इंटरनेट मिळते, पण बहुतेक राउटरवर ते घरातल्या संगणकांपर्यंत पोहोचू शकत नाहीत.

आता पोलिसांचा प्रश्न. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीविना संगणक किंवा नेटवर्कमध्ये शिरणे बेकायदेशीर आहे, आणि ते अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केले असल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे कायदा आपल्या बाजूने आहे. मात्र एका ओळीतल्या ‘रेडमी’वरून कोणावर बोट ठेवता येत नाही. खात्यातून पैसे गेले, आपल्या नावाने कोणी मेल किंवा धमकी पाठवली, असे काही घडल्यास मात्र क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, आणि राउटर रीसेट करण्यापूर्वी त्या यादीचे व नोंदींचे फोटो काढून ठेवावेत. मुंबईकराने हे हलक्यात घेऊ नये. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळी आलेला धमकीचा मेल सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस सर्वांत आधी त्याच्याच दारी पोहोचले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेला. पुढे २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधत शहरात फिरण्याची मोहीम हाती घेतली. आपल्या जोडणीवरून काही गेले तर पहिला प्रश्न जोडणी ज्याच्या नावावर आहे त्यालाच विचारला जातो. पासवर्ड आजच बदलावा असे मी म्हणतो, त्यामागे हेही कारण आहे.

शेवटी जिन्यातल्या त्या मुलाबद्दल. नव्या पासवर्डनंतर ‘रेडमी’ परत आला नाही, तर तो कोणाचा होता हे शोधत बसू नये आणि त्या मुलाकडे चौकशीही करू नये. काही दिवसांनी ‘रेडमी’ यादीत पुन्हा दिसला, तर भिंत फोडून कोणी आत आले, असे मानण्याआधी घरात विचारावे. वायफायचे पासवर्ड फोडले जाण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ते दिले जातात. जोडलेल्या अँड्रॉइड फोनवर ‘शेअर’ दाबले की क्यूआर कोड येतो, आणि अनेक फोनवर त्याच्या खाली पासवर्डही स्पष्ट लिहिलेला असतो. सातवीतल्या मुलाला मित्राने, किंवा शेजारच्या दादाने, “जरा स्कॅन करू दे ना” म्हटले तर तो नाही म्हणत नाही. म्हणून नातवाला न रागावता विचारावे, त्याच्या फोनवर फक्त गेस्ट नेटवर्क जोडून द्यावे, आणि मुख्य पासवर्ड घरातल्या दोघांपलीकडे कोणाला माहीत असू नये, असे करावे. शेजारच्या मुलाला अभ्यासासाठी खरोखरच नेट हवे असेल आणि आपली हरकत नसेल, तर तो गेस्ट पासवर्ड आपणच त्याला द्यावा, मात्र त्याच्या आई-वडिलांच्या समोर. तो पासवर्ड परीक्षा संपल्यावर बदलता येईल आणि त्याने मुख्य वायफायवरची कोणतीही जोडणी तुटणार नाही. गेस्ट नेटवर्कवरचे प्लग, कॅमेरा, टीव्ही आणि नातवाचा फोन तेवढे पुन्हा जोडावे लागतील.